पत्र्याखालचा माळा, आईचं माजघर आणि बियाण्याची पोती



पेरणी तोंडावर आलीय आणि मी माळ्याबद्दल लिहायला बसलोय. पण आमच्याकडं माळा आणि पेरणी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. घरचं सोयाबीनचं बी माळ्यावर राहतं आणि त्याच्या बरोबर खाली, माजघरात, माझी आई झोपते. दोघांनाही उन्हाळा सोसत नाही. म्हणून या वर्षी मार्चअखेर माळ्याचं काम काढलं, ते एप्रिलभर चाललं. बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की नक्की काय केलं, खर्च किती आला, फरक पडला का. एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, रात्री निवांत वाचा.

आधी घर सांगतो. सातारा जिल्ह्यातलं जुनं पाच खणी घर. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती. पुढं सोपा, मग माजघर, मागं चूल. सोप्यावर आणि माजघरावर माळा. त्याला सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि वरून शेणाचं सारवण. आज्याच्या काळात वर कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती. नंतर वडिलांनी मंगलोरी घातली. ही मंगलोरी कौलं म्हणजे बासेल मिशनच्या लोकांनी १८६० च्या दशकात मंगळूरला कारखान्यात काढायला सुरुवात केली, आणि तिथून ती हळूहळू कोकण, घाट करत आपल्याकडं पोचली.

२०१४ साली कौलं उतरवून पत्रा घातला. कारण एकच, वानरं. टोळी एकदा छपरावरून गेली की पन्नास-साठ कौलं फुटायची. मृगाआधी शाकारायला माणूस मिळायचा नाही आणि मिळाला तर नवीन कौल जुन्याला बसायचं नाही. पावसाळ्यात धान्य भिजण्यापेक्षा पत्रा बरा, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. गळणं थांबलं हे खरं. आमच्या आळीत त्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्यांनीच पत्रे घातले.

मग उन्हाळे सुरू झाले. दुपारी माळ्यावर पाच मिनिटं थांबवत नाही. त्याहून वाईट म्हणजे रात्र. बाहेर अंगणात दहा वाजता गार वाऱ्याची झुळूक यायची आणि आत माजघरात पंखा नुसती गरम हवा फिरवायचा. आईचं वय आता ऐंशीच्या घरात. बीपीची गोळी चालू आहे. मागच्या मे महिन्यात दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, रात्री झोपायची जागा गार पाहिजे, दिवसभराच्या उन्हातून शरीर रात्रीच सावरतं.

पुण्याहून दादा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, घर पाडू आणि स्लॅब टाकू. पैशाची तयारीही त्यानं दाखवली. आई म्हणाली, "म्या हितंच ऱ्हाणार. मी गेल्यावर काय पाडायचं ते पाडा." दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मला दादाचं चूक वाटत नव्हतं. पण आळीतलीच दोन स्लॅबची घरं रोज बघतोय. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि आत उष्णता पोचायला संध्याकाळ होते. नेमकी झोपायच्या वेळी ती खाली उतरते. वर काही न करता नुसता स्लॅब टाकला तर दुपारचा त्रास कमी होऊन रात्रीचा वाढेल, एवढं कळत होतं. म्हणून दादाला म्हटलं, "एक उन्हाळा मला दे. नाही जमलं तर पुढच्या वर्षी तू म्हणशील तसं." तो हो म्हणाला.

सुरुवात थर्मामीटरनं केली. कमाल-किमान दाखवणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणले, एक माळ्यावर टांगला, एक माजघरात. मार्चअखेर बाहेर ३८ अंश असताना दुपारी तीनला माळ्यावर ५२. माजघरात ३६. रात्री दहाला माळ्यावर अजून ३९ आणि माजघरात ३५. म्हणजे सूर्य मावळून तीन तास झाले तरी आईच्या डोक्यावर तापलेलं झाकण होतं.

असं का होतं, ते सुतारकाम करणारे आमचे आप्पा आणि आई या दोघांशी बोलताना उलगडलं. आई म्हणाली, "आरं, धूर जायला वाट हुती तवा ऊन बी जात हुतं." यात सगळं आलं. पूर्वी चुलीचा धूर माळ्यातून वर जायचा आणि कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा. मंगलोरी छप्पर म्हणजे शेकडो बारीक फटी. पाणी आत येत नाही, पण हवा बाहेर जाते. त्याशिवाय आढ्याखालच्या दोन्ही त्रिकोणी भिंतीत वीतभर झरोके होते आणि वळचणीला भिंत व छपराच्या मध्ये मोकळी जागा होती. पत्रा घातला तेव्हा पारवे आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून झरोके विटांनी बुजवले गेले, वळचण सिमेंटनं बंद झाली. चुलीच्या जागी गॅस आला. माळा असा चहूबाजूनं बंद डबा झाला.

आता यातलं शास्त्र थोडक्यात. पत्रा दोन प्रकारे त्रास देतो. एक, तो खालची हवा तापवतो. गरम हवा हलकी असते, ती वर आढ्याजवळ जमते. तिला वर बाहेर पडायला वाट आणि खालून नवी हवा आत यायला वाट, या दोन्ही मिळाल्या तर ती आपोआप वाहते, वीज लागत नाही. नुसतं वर भोक पाडून किंवा नुसत्या खिडक्या ठेवून अर्धंच काम होतं. दोन, तापलेला पत्रा शेकोटीसारखी धग खाली फेकतो. शेकोटीजवळ वारा असला तरी तोंडाला चटका लागतोच ना, तसं. ही धग हवेनं जात नाही, तिला आडवं काहीतरी लावावं लागतं. म्हणून क्रम ठरवला. आधी हवा, मग धग, मग माळ्याची जमीन.

पहिलं काम साफसफाई. तीस वर्षांचं सामान खाली काढलं. मोडकी तिफण, पाटे, दिव्याच्या चिमण्या, आमची शाळेची दप्तरं. तुळया आणि वासे टोचून बघितले. जिथं खाली पिवळा भुसा पडलेला असतो तिथं लाकडाला कीड असते. दोन वासे बदलावे लागले. आप्पांचं म्हणणं, चुलीचा धूर लागत होता तोवर या लाकडाला किडीनं तोंड लावलं नव्हतं. माळ्यावरची जुनी वायर पण बदलून पाइपातून घेतली. हे आधी करा. कापडी वेष्टनाची किंवा उघडे जोड असलेली वायर उष्णता अडवणाऱ्या थराखाली दबली की तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि आगीला निमित्त मिळतं.

दुसरं काम वळचण. दोन वाशांच्या मधल्या ज्या जागा बंद केल्या होत्या त्या एक आड एक उघडल्या. दोन्ही बाजूच्या मिळून सोळा, प्रत्येक साधारण वीस इंच लांब आणि तीन इंच उंच. त्यावर पाव इंची भोकांची जाळी ठोकली. याहून मोठी भोकं असली तर उंदराचं पिल्लू आत येतं. पार बारीक मच्छरदाणीची जाळी लावली तर ती वर्षभरात धुळीनं गच्च होते.

तिसरं काम आढं. आढ्यावरचा टोपीचा पत्रा काढून त्याखाली तीन इंची लाकडी ठोकळे दिले आणि टोपी पुन्हा बसवली, पण दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच खाली येईल एवढी रुंद करून. खाली दोन्ही बाजूला दोन-दोन इंचाची फट पूर्ण लांबीभर मोकळी राहिली. तिलाही जाळी. आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून त्या बाजूला टोपीची कड आतल्या अंगाला थोडी दुमडून घेतली. वळवाचे दोन पाऊस झाले, एक थेंब आत आला नाही. खरी परीक्षा आषाढात आहे.

वाट किती ठेवायची याचा एक हिशेब आहे. अमेरिकेत माळ्याच्या बांधकामाचा नियम असा की माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी वाट हवी, आणि खाली-वर नीट वाटून ठेवली तर तीनशेव्या भागावरही भागतं. आमचा माळा ३२ बाय १८, म्हणजे ५७६ चौरस फूट. दीडशेनं भागलं तर चार फुटांना थोडं कमी. जाळी बरीच जागा खाते आणि आपलं ऊन कडक, म्हणून आम्ही त्याच्या दुपटीहून जास्त ठेवली. फिरणारा टर्बो पंखा बसवा असंही काहींनी सुचवलं. तो वाईट नाही, पण आमच्या एवढ्या छपराला एकानं भागलं नसतं आणि बेअरिंग गेलं की वर कोण चढणार.

झरोके मात्र मी नुसते उघडे ठेवले नाहीत. त्यांना आतून लाकडी झडप लावली. उन्हाळ्यात संध्याकाळी उघडायची आणि थंडीत किंवा झडीच्या पावसात बंद करायची.

चौथं काम धगीचं. वाशांच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमची बबल फॉइल लावली. यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फॉइल पत्र्याला चिकटवायची नाही. चकचकीत ॲल्युमिनियम धग जवळजवळ सगळी परत फिरवतं, पण त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा असली तरच. पत्र्याला चिकटली की उष्णता तिच्यातून सरळ खाली येते. आमच्या वाशांमुळं पत्रा आणि फॉइलमध्ये चार इंच जागा राहिली. फॉइल वळचणीच्या भोकांच्या आत सुरू होते आणि आढ्याच्या सहा इंच अलीकडं थांबते, त्यामुळं त्या चार इंचातली गरम हवा सरळ वर निघून जाते. खालची बाजू पण चकचकीत असलेली घ्या, कारण वरच्या बाजूवर काही वर्षांत धूळ बसणार आणि तिचं काम कमी होणार. खालच्या बाजूवर धूळ बसत नाही.

थर्माकोल का नाही, असं विचाराल. उष्णता अडवण्यात थर्माकोल चांगलाच आहे. एक इंच थर्माकोल जेवढी अडवतो तेवढी अडवायला मातीचा फूट-सव्वा फूट थर लागेल. पण आमच्या घरात लाकूड आहे, खाली देवाजवळ दिवा असतो आणि उंदीर तर पाचवीला पुजलेले. थर्माकोल पेटतो आणि उंदीर त्यात घर करतात. पक्क्या छतावर, वरून नीट झाकून टाकायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवं काम माळ्याची जमीन. जुना मातीचा थर जागोजागी उखडला होता. तिथली सैल माती काढून माती, भाताचं तूस आणि शेण कालवून नवीन थर दिला. तूस घातलं की थर हलका होतो आणि नुसत्या मातीपेक्षा उष्णता जास्त अडवतो. वजनाकडं लक्ष ठेवा. एक चौरस फुटावर एक इंच माती म्हणजे साडेतीन ते चार किलो. शंभर चौरस फुटांवर एक-एक इंच वाढवत गेलात तर दर इंचाला साडेतीनशे-चारशे किलो तुळयांवर चढतात. आप्पांनी तुळया बघितल्यावरच आम्ही थर ठरवला, जुना-नवा मिळून तीन इंच.

शेवटी छपरावर पांढरा रंग. गंज घासून, प्रायमर मारून, ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. चुना स्वस्त पडतो, पण पत्र्यावर तो टिकत नाही, पावसात उतरतो. पांढऱ्या छपराचं महत्त्व आता सरकारंही मानायला लागलीत. अहमदाबाद महापालिकेच्या उष्णता कृती आराखड्यात, जो २०१३ साली सुरू झाला, पुढं अशी छपरं आली. तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणच काढलं.

एक सूचना. तुमच्याकडं जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोकं पाडू नका, कापू नका, घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

आता निकाल. मे महिन्यात बाहेर ३९ अंश असलेल्या दिवशी दुपारी तीनला माळ्यावर ४२, माजघरात ३३. रात्री दहाला माळ्यावर ३१ आणि माजघरातही ३१. यातला रंगाचा वाटा किती, फॉइलचा किती आणि हवेचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही, कारण सगळं लागोपाठ झालं. पण नुसत्या वळचणी आणि आढं उघडल्यावर, फॉइल लागायच्या आधीच, रात्रीचा फरक जाणवायला लागला होता. खर्च सगळा मिळून चाळीस हजारांच्या थोडा आत. मजुरीत घरची माणसं धरलेली नाहीत.

एक गोष्ट फुकटातली आहे आणि ती आईनं सुचवली. माळ्यावर जायच्या शिडीच्या तोंडाला लाकडी झाकण आहे. त्याला दोरी आणि कप्पी लावली. दिवसा ते बंद ठेवायचं म्हणजे वरची उष्णता खाली येत नाही. रात्री जेवणं झाली की आई दोरी ओढून झाकण उघडते आणि मागचं दार जाळीवर ठेवते. माजघरातली गरम हवा त्या तोंडातून वर जाते, आढ्यातून बाहेर पडते आणि दारातून परड्यातली गार हवा आत येते. उदबत्ती लावून बघितली, धूर सरळ झाकणाच्या दिशेनं जातो. सकाळी आठला आई ते बंद करते. या कामाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आता बियाण्याचं. बी साठवण्याचा एक जुना आडाखा आहे. साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी झालं तर बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला तरी तसंच. सोयाबीनचं टरफल पातळ, त्यामुळं त्याला उष्णता जास्तच लागते. मागच्या वर्षी माळ्यावरच्या पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात घातले तर ५८ उगवले. माजघरातल्या पोत्यातले ७६. माजघरात चारच पोती मावतात, बाकी सगळं वरच राहतं. ७० टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बी लागतं, आणि ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं असं सांगतात. म्हणजे मागच्या वर्षी माळ्यावरचं बी एकरी ३६ किलो पेरलं. पाच एकरांत एक पोतं जास्त गेलं.

या वर्षी गेल्या आठवड्यात माळ्यावरच्या बियाण्याची चाचणी घेतली. शंभरात ७३. एका वर्षावरून छाती ठोकून काही सांगणार नाही. गेल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस होता आणि यंदाचं बी कोरडं मिळालं, त्याचाही वाटा असणार. पुढची दोन वर्षं असंच मोजत राहणार आहे.

अजून एक फायदा थंडीत कळेल असं वाटतं. पहाटे पत्रा आकाशाकडं उष्णता टाकून फार गार होतो, मग आतल्या बाजूला त्याला घाम सुटतो आणि थेंब थेट पोत्यांवर पडतात. वारं खेळतं राहिलं तर हा घाम कमी व्हायला पाहिजे, आणि पडला तरी आता फॉइलवरून वळचणीकडं वाहून जाईल. तरी पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळीवरच ठेवणार.

वळचणीला जाळी मारल्यावर चिमण्यांची घरटी गेली, हे मात्र खटकलं. म्हणून बाहेरच्या बाजूनं सोप्याच्या आढीला चार लहान मडकी आडवी बांधली. दोन मडक्यांत काड्या दिसायला लागल्यात.

दादा गेल्या रविवारी आला होता. रात्री माजघरातच झोपला. सकाळी चहा घेताना स्लॅबचा विषय काढला नाही, फक्त विचारलं, "फॉइल किती फूट लागली?" त्याच्या फ्लॅटच्या वरच गच्ची आहे. त्याला सांगितलं, तुझं छत वेगळं, तिथं आधी वरून पांढरा रंग मार, मग बघू.

ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी एवढं तरी करा. उद्या दुपारी तीनला माळ्यावर थर्मामीटर टांगा आणि रात्री दहाला परत बघा. रात्रीचा आकडा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश जास्त असेल तर आधी आढं आणि वळचण उघडायचं बघा, बाकी पैसे हातात येतील तसं. काम पाऊस लागायच्या आत संपवा. आणि पेरणीआधी शंभर दाण्यांची चाचणी घेतल्याशिवाय पोतं रानात नेऊ नका.